फुरसतीच्या खेळाडूचा कौल

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, सह्याद्रीच्या दाट अरण्यात उळवी नावाचे क्षेत्र आहे. बाराव्या शतकात कल्याण नगरीत बसवेश्वरांच्या भोवती जमलेल्या शरणांवर राजाचा कोप झाला, आणि त्यांच्यापैकी काही जण बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवेश्वर यांच्यासह पश्चिमेकडील या रानात आले, अशी लिंगायत परंपरा आहे. चन्नबसवेश्वरांची समाधी येथेच आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास येथे मोठी जत्रा भरते. धारवाड, बेळगाव, हावेरी या भागांतील शेतकरी आजच्या मोटारींच्या काळातही बैलगाड्या जुंपून या जत्रेस येतात. गाडीची वाट म्हटली की मजल आली, मुक्काम आला, बैलांची विश्रांती आली. आणि श्रोते हो, माणसाचा स्वभाव असा आहे, की जेथे मुक्काम तेथे फुरसत, आणि जेथे फुरसत तेथे खेळ.

आज मला बोलावयाचे आहे ते या फुरसतीच्या खेळाविषयी. त्याहूनही अधिक, तो खेळणाऱ्या सामान्य माणसाविषयी. खेळांचा इतिहास लिहिणारे राजांच्या पटांचे वर्णन करतात, जुगाऱ्यांच्या सर्वनाशाच्या कथा सांगतात, विजेत्यांची नावे नोंदवितात. परंतु जो माणूस जेवण झाल्यावर घटकाभर बसतो, हरला तरी झोप घालवीत नाही आणि जिंकला तरी गावभर सांगत सुटत नाही, त्याचे मत कोणी विचारीत नाही. मी स्वतः याच जातीचा खेळाडू आहे. आणि माझे म्हणणे असे की कोणता खेळ जगावा आणि कोणता मरावा, याचा अखेरचा कौल शतकानुशतके याच माणसाने दिलेला आहे.

शरण ज्या कल्याणहून निघाले, त्याच कल्याणच्या राजवाड्यात सुमारे चार दशके आधी एक ग्रंथ सिद्ध झाला होता. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ तो हाच. त्याचा काळ शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९ च्या सुमाराचा. त्यातील मराठी पदांमुळे आपल्या वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. वीस-वीस अध्यायांची पाच प्रकरणे त्यात आहेत, आणि शेवटल्या प्रकरणात राजाने वीस क्रीडा सांगितल्या आहेत. त्यांत चतुरंग म्हणजे बुद्धिबळ आहे, पाशक म्हणजे फाशांचा खेळ आहे, वराटिका म्हणजे कवड्यांचा खेळ आहे. आणि त्यांच्याच पंक्तीला फणिदा आणि फंजिका हे दोन खेळही आहेत. राजाने पाचांनाही सारखाच मान दिला. परंतु आज बुद्धिबळ, फासे आणि कवड्या यांची नावे लहान मुलाला कळतात. फणिदा आणि फंजिका म्हणजे काय हे समजण्यास पंडिताची टीका उघडावी लागते. राजाश्रय पाचांनाही होता; प्रजेने मात्र तिघांनाच स्वीकारले. शिलालेखावर कोरला न गेलेला, पण शिलालेखाइतकाच पक्का असा हा कौल आहे.

हा कौल कोणत्या कसोट्यांवर दिला जातो?

पहिली कसोटी साहित्याची. खेळ मांडावयास काय लागते? उळवीच्या भोवतालच्या रानात वाघ आहे. हे रान आज काळी व्याघ्र प्रकल्पाच्या आसमंतात येते. अशा मुलखांत वाघ आणि शेळ्यांचा खेळ सर्वत्र रुजलेला दिसतो. आपण त्याला वाघ-बकरी म्हणतो, कानडीत त्याला हुली-कुरी किंवा आडु-हुली म्हणतात, आणि नेपाळात त्याचाच भाऊ बाघचाल या नावाने प्रसिद्ध आहे. दक्षिणेतील त्रिकोणी पटावर बहुधा तीन वाघ आणि पंधरा शेळ्या असतात. नेपाळच्या चौकोनी पटावर चार वाघ आणि वीस बकऱ्या. वाघ उडी मारून शेळीला खातो. शेळीला मारता येत नाही, तिला फक्त अडविता येते. एकटी शेळी मरते, एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या शेळ्या वाघाला जागच्या जागी कोंडतात. या खेळास काय लागते? एक कोळशाचा तुकडा, सपाट दगड आणि मूठभर खडे. हंपीच्या मंडपांतील फरशांवर असे पट शेकड्यांनी कोरलेले आढळतात. महाराष्ट्रातील लेण्यांत आणि किल्ल्यांवरही ते सापडतात. ते कोणी कोरले? पहारेकऱ्यांनी, गाडीवानांनी, पाथरवटांनी, मुक्कामाला थांबलेल्या वाटसरूंनी. म्हणजे आपल्याच फुरसतीच्या खेळाडूने. त्याच्या हातची लिहिलेली एकही ओळ शिल्लक नाही, पण त्याच्या खेळाच्या रेघा शिल्लक आहेत.

दुसरी कसोटी दैवाची. केवळ बुद्धीवर चालणारा खेळ दुबळ्याला लवकर कंटाळवाणा होतो, कारण तो पुन्हा पुन्हा हरतो. केवळ दैवावर चालणारा खेळ शहाण्याला कंटाळवाणा होतो, कारण त्याच्या शहाणपणाला तेथे काम नसते. सारीपाटाने या दोहोंचा मेळ घातला. फासे काय पडतील हे दैवाधीन. पण पडलेल्या दानाने कोणती सोंगटी चालवावी, हे आपल्या हाती. वेरूळच्या लेण्यांत शिव आणि पार्वती सारीपाट खेळत बसल्याची शिल्पे आहेत. देवाधिदेवालाही बायकोकडून हार पत्करावी लागते अशी तो खेळ पाहणाऱ्या लोकांची समजूत होती, आणि ती समजूत मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्या खेळात देव हरू शकतो, त्यात आजीला नातू हरवू शकतो आणि सुनेला सासू हरवू शकते. कोजागरीच्या रात्री जागरणात फाशांचा खेळ सांगितला आहे. बलिप्रतिपदेला तर द्यूतप्रतिपदा असेच नाव आहे. सणाच्या दिवशी सगळे घर एका पटाभोवती बसावे, असे ज्यांना वाटले, त्यांनी दैवाला पटावर जागा करून दिली.

परंतु येथेच धोकाही आहे, आणि तो आपल्या पूर्वजांनी पुरता ओळखला होता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचे एक सबंध सूक्त आहे. महाभारताची सारी कथा एका पटावरून फिरते. आपल्या मराठीतील आद्य गद्यग्रंथांत ज्याची गणना होते, त्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची हकिगत आहे: हरिपाळदेव जुगारात हरले, देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले आणि तिने ते दिले नाहीत. पैज लागली की पट घरात राहत नाही. घर पटावर येते, एवढे या एका प्रसंगावरून कळते.

यावर राज्यकर्त्यांनी दोन मार्ग काढले. मनुस्मृती राजास द्यूत बंद करावयास सांगते. कौटिल्य व्यवहारी, त्याने द्यूताध्यक्ष नेमावयास सांगितले, खेळ एकाच ठिकाणी चालू द्यावा, फासे सरकारी असावेत आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राजाने घ्यावेत, असा नियम घातला. पुढे इंग्रजी अमदानीत १८६७ साली सार्वजनिक जुगाराचा कायदा झाला, मुंबई इलाख्यात १८८७ चा कायदा आला. आणि ज्या खेळात कौशल्य प्रधान तो जुगार नव्हे, असा भेद न्यायालयांत रूढ झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, त्यात हा कौशल्य आणि दैव यांचा भेद बाजूस ठेवला आहे. पैसे लागले की पुरे. मनू आणि कौटिल्य यांचा वाद दोन हजार वर्षांच्या आसपास चालूच आहे असे म्हटले तरी चालेल. फुरसतीच्या खेळाडूने मात्र आपल्यापुरता तो केव्हाच निकालात काढला. त्याची पैज चिंचोक्यांची, कवड्यांची, फार तर चहाची. हरल्यावर उठून घरी जाता आले पाहिजे, ही त्याची तिसरी कसोटी.

या कसोट्यांना उतरला नाही की सुंदर खेळही मागे पडतो. याचे सर्वांत हृद्य उदाहरण आपल्याकडे सावंतवाडीचे आहे. गंजिफा हा गोल पत्त्यांचा खेळ इराणकडून मोगलांबरोबर आला. बाबराने १५२७ साली सिंधमधील एका मित्रास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफेत आठ रंगांची ९६ पाने. दख्खनच्या आणि कोकणच्या लोकांनी त्यावर आपला संस्कार केला: दशावतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी १२० पाने. पाच अवतारांत दहा हे मोठे पान, उरलेल्या पाचांत उलट एक हे मोठे. दिवसा रामाच्या राजाने खेळास आरंभ करावयाचा, रात्री कृष्णाच्या. हुकूम नाही, कोणती पाने पडून गेली ती लक्षात ठेवावयाची. बहुधा तिघांत खेळ होई, म्हणजे प्रत्येकाच्या हाती चाळीस पाने.

ही पाने हाताने रंगविलेली, लाखेने चकचकीत केलेली. त्यांच्यापुढे छापखान्यातून आलेले ५२ पानांचे स्वस्त जोड उभे राहिले. ओले झाले, फाटले, हरवले तर नवे घ्यावेत, अशा किमतीचे. चौघांत तेरा-तेरा पाने येतात, मुलाला घटकाभरात शिकविता येतात. फुरसतीच्या खेळाडूने निवड केली, आणि गंजिफा संदुकीत गेली. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही लोपत चाललेली कला जुन्या चितारी कारागिराकडून उजळून घेतली आणि राजवाड्यात लाखकामाचा उद्योग उभा केला. त्यांचे हे ऋण मोठे आहे. गंजिफेची पाने आज देशोदेशीच्या संग्रहांत आहेत. परंतु एक गोष्ट मनाला लागते. गंजिफा विकत घेणारे पुष्कळ, ती भिंतीवर लावणारे पुष्कळ. ती पिसणारे हात थोडे. चित्र वाचले, खेळ आजारीच राहिला. काचेच्या कपाटात खेळाचे रूप टिकते. त्याचा जीव टिकवावयास तीन रिकामे मित्र आणि एक रिकामी दुपार लागते.

याच्या उलट बुद्धिबळाचे. आपल्या जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर चाले, किल्लेकोट नव्हता, राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. पंजाबचा मीर सुलतान खान याच देशी नियमांवर वाढला. पुढे त्याने विलायती नियम आत्मसात केले आणि १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. घरोघरचे देशी नियम हळूहळू मागे पडले. का? सांगलीच्या माणसाला मद्रासच्या माणसाशी, आणि दोघांना परदेशातील माणसाशी खेळता यावे, म्हणून सामान्य खेळाडूने आपली जुनी चाल आपण होऊन सोडली. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केले. १९५५ साली पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा विजेतेपदाच्या दोन मानकऱ्यांत रामचंद्र सप्रे हे महाराष्ट्रीय होते. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. ही शिखरे दिसतात, पण शिखराखाली डोंगर असावा लागतो. ओट्यावर, आगगाडीत, वाचनालयाच्या पायरीवर खेळणारे लाखो अनाम लोक हा तो डोंगर. भाषेकडे पाहा: शह देणे, मात करणे, प्यादे पुढे करणे, डाव साधणे, फासे उलटे पडणे, हुकमाचा एक्का काढणे, हे शब्द विजेत्यांनी मराठीस दिलेले नाहीत. ज्यांना खेळ नीट येतो असे कोणी म्हणणार नाही, त्यांनीच ते घराघरांत पोचविले.

आता पडद्यावरील खेळांकडे वळू. ते परके आणि सर्वस्वी नवे आहेत, असा समज आहे. मला तो तितकासा खरा वाटत नाही. १९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये काही तरुणांनी संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. १९७२ साली अटारी कंपनीचे ‘पाँग’ आले. एक ठिपका आणि दोन फळ्या, एवढेच. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाझितनोव्ह यांनी ‘टेट्रिस’ रचले. चार चौकोनांच्या सात आकृत्या, आणि त्या वरून पडत असता जुळवावयाच्या. १९९७ साली नोकियाच्या दूरध्वनीत एक साप आला, तो खाई तसा वाढे आणि स्वतःलाच धडकून मरे. यांत आणि दगडावरच्या वाघ-बकरीत मला एक साम्य दिसते. साहित्य थोडे, नियम क्षणात कळणारे, कौशल्यास वाव, आणि डाव संपला की मनुष्य मोकळा. म्हणूनच हे खेळ पिढ्या ओलांडून लक्षात राहिले. त्यांच्या काळचे कितीतरी भपकेबाज खेळ कोणाच्या स्मरणात नाहीत.

पच्चीसीचीच कथा घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात तिच्यावरून ‘लुडो’ तयार झाला. फुलीसारखा पट राहिला, कवड्या गेल्या, एक घनाकृती फासा आला. डावपेच कमी झाले, वेग वाढला. मोक्षपटाचेही तसेच: आपल्याकडे सोपानांना गुणांची आणि सर्पांना दोषांची नावे होती, अखेरच्या घरी मोक्ष होता, विलायतेत त्याची करमणूक झाली, आणि १९४३ साली अमेरिकेत तर सापांऐवजी घसरगुंड्या आल्या. लुडो मात्र फिरून आपल्याच घरी आला. २०१६ साली नवी मुंबईच्या गेमशन या कंपनीने ‘लुडो किंग’ हा खेळ भ्रमणध्वनीवर आणला, आणि २०२० च्या टाळेबंदीत दूरदूरच्या गावी अडकलेले आप्त त्यावर एकत्र बसू लागले. तेराशे वर्षांपूर्वी वेरूळच्या पाथरवटाने जो पट कोरला, त्याचाच वंशज काचेवर उमटला. याचे मला दुःख नाही, कौतुक आहे.

तथापि फुरसतीच्या खेळाडूचे म्हणून माझे एक गाऱ्हाणे आहे, आणि ते पडद्याविरुद्ध नाही. दगडावर पट आखणारा मनुष्य त्या खेळाचा धनी होता. “आमच्याकडे असे खेळतात,” हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येई. आमच्याकडे पहिली शेळी कोपऱ्यात ठेवतात. आमच्याकडे लहान मुलाला एक दान जास्त. आमच्याकडे म्हाताऱ्याची सोंगटी मारीत नाहीत. हे नियम कोणत्याही पुस्तकात नव्हते, बसलेल्या माणसांच्या संमतीने ठरत. न्यायनिवाडा, सूट, माफी, तक्रार, समेट, हे सारे पटाभोवती घडे. पडद्यावर नियम दूरच्या कचेरीत ठरतो; तो रात्रीतून बदलला तरी खेळणाऱ्यास विचारले जात नाही. आणि दुसरे असे, की पुष्कळ नवे खेळ संपण्यासाठी रचलेलेच नसतात. आज उठलात तर बक्षीस जाईल, थोडे पैसे दिलेत तर वाट पाहावी लागणार नाही, अशी त्यांची विनवणी चालू असते. माझी तिसरी कसोटी येथे मोडते. जो उठू शकत नाही तो फुरसतीचा खेळाडू नव्हे. त्याची फुरसतच कोणीतरी जिंकून नेली आहे. कायदा पैज थांबवू शकेल. उठावयाची वेळ ठरविणे आपल्याच हाती आहे.

म्हणून मला वाटते, आज जपावयाचे आहे ते पटाहून अधिक पटाभोवतीचे शहाणपण. जोयड्याचा तालुका पूर्वी सुपे या गावाच्या नावाने ओळखला जाई. काळी नदीवर धरण झाले आणि जुने सुपे पाण्याखाली गेले. गाव हलविताना घरांची, जमिनीची, झाडांची मोजदाद होते. ओट्यावर कोरलेल्या पटाची आणि तो कसा खेळत याची मोजदाद करावयाची पद्धत नाही. उळवीच्या वाटेवर गाड्या हाकणाऱ्या, कानडी, कोंकणी आणि मराठी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांना अद्याप जे नियम ठाऊक असतील, ते शाळेतील मुलांनी विचारून वहीत उतरून घ्यावेत. परंतु केवळ उतरून घेऊन थांबू नये. नाहीतर तीही एक काचेची पेटीच व्हावयाची. नियम लिहून झाला की मुलाने वही मिटावी, खडे गोळा करावेत आणि ज्याने नियम सांगितला त्याच्याशी एक डाव खेळावा. वाघ कोणी घ्यावयाचा, एवढे मात्र त्या दोघांनी आपापसांत ठरवावे.